राक्षसाचे मागचे पाय

दाजींनी आयुष्यात एकाच सिनेमात काम केलं आणि त्यात त्यांचं तोंड कुठंच दिसलं नाही. हसू नका. तोंड सोडा, हातही दिसले नाहीत. ऐंशीच्या दशकातला तो सिनेमा, ‘तलवारीला फुटले पंख’. त्यात चार पायांचा एक हिरवा राक्षस होता, आणि त्या राक्षसाचे मागचे दोन पाय म्हणजे आपले दाजी.

पुढचे दोन पाय, छाती, शिंगं आणि जबडा म्हणजे त्यांचा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ. नात्यात जो मान तोच राक्षसात. मेव्हणा पुढे, दाजी मागे आणि दोघांच्या कमरेला एकच दोरी. पुढून एक हिसका बसला की चालायचं, दोन बसले की थांबायचं. आत इतका अंधार आणि इतका उकाडा की दाजींना तो अख्खा सिनेमा म्हणजे मेव्हण्याची घामेजलेली पाठ, एवढाच आठवत होता.

खरं तर दाजी नट नव्हेतच. त्यांचं सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचं दुकान. डायरेक्टर दुकानात आला तो राक्षसाची कातडी शिवून घ्यायला. दाजींनी सोफ्याचं हिरवं रेक्झिन वापरलं, आत फोम भरला, पाठीवर खवल्यांच्या जागी उरलेली बटणं ठोकली. शूटिंगच्या दिवशी मागच्या पायांसाठी आणलेला माणूस आत शिरला, त्याला आतला वास आला, आणि तो जो बाहेर पडला तो थेट घरी. मग त्या कातडीची चेन कुठून उघडते हे ठाऊक असलेला माणूस उरला एकच. मेव्हणा म्हणाला, “दाजी, शिरा आत. घरचंच तर काम आहे.” बायकोच्या भावाला नाही म्हणायची दाजींची छाती नव्हती.

सिनेमा कसा होता? भिकार होता, आणि झकास होता. राजकन्येला राक्षस पळवतो, पण राजकन्या इतकी भांडकुदळ की चार दृश्यांत राक्षसच पळून जायची वाट शोधायला लागतो. राजकन्येची वेणी एका खोलीत कमरेपर्यंत आणि पुढच्या खोलीत खांद्यापर्यंत. उडती तलवार ज्या दोरीनं उडायची ती दोरी शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसायची. सैन्यात माणसं कमी, म्हणून तीच माणसं टेकडीमागून धावत जाऊन पुन्हा पुन्हा यायची, आणि त्यातल्या एका शूरवीराच्या मनगटावर घड्याळ. डायरेक्टरला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “जादूची दुनिया आहे, चालतं.”

पण या सगळ्यावर कडी केली ती राक्षसाच्या जबड्यानं. जबड्याला आतून एक पट्टा, आणि पट्टा मेव्हण्याच्या हनुवटीला. मेव्हण्याचं तोंड हललं की राक्षसाचं हलायचं. आता संवाद पाठ करायचे ना? पण आत जीव गुदमरत असताना कसले संवाद! डायरेक्टर म्हणाला, “काहीही बोला, नंतर आवाज भरू.” झालं. मेव्हणा राक्षसाच्या तोंडानं दाजींनाच हाका मारत सुटला. दाजी पाय उचला, दाजी टाचेवर पाय नका देऊ, दाजी तुमचा घाम माझ्या पायावर येतोय. नंतर त्याच्याच भरदार आवाजात त्यावर संवाद चढवले: “तिन्ही लोक माझ्या पायाशी लोळतील!” लोक लोळायचे ते हसून. कारण संवाद संपून राक्षस गप्प झालेला असायचा आणि जबडा आपला अजून वटवट वटवट.

आणि मग शेवटची लढाई. पुठ्ठ्याच्या पुलावर राक्षस हिरोला गाठतो. हिरोनं तलवार खुपसायची, राक्षसानं कोसळायचं, असं ठरलेलं. राक्षस हिरोपाशी आला, गरजला आणि अचानक हिरोच्या अंगावर फतकल मारून बसला. खालून हिरोचे नुसते बूट दिसताहेत. विदूषकाचं काम करणारा माणूस खरोखरच हसत पुलावरून खाली पडला. शेवटी हिरोनं जिवाच्या आकांतानं खालून तलवार टोचली, बरोबर दाजींना, आणि राक्षस जो उडाला तो थेट दरीत. रीळ संपलेलं, पूल मोडलेला, पुन्हा घ्यायची सोय नाही. डायरेक्टरनं कपाळाला हात लावला आणि तसंच ठेवलं. तो सिनेमा आपटला, पण ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यात तेवढं बसणं मात्र कायमचं बसलं.

खरं काय झालं होतं? दाजींच्या पोटरीत गोळा आला होता. दाजी बसले, दोरीनं मेव्हण्याला घेऊन बसले, इतकं साधं. पण थिएटरात शिट्ट्या पडल्या आणि बाहेर येईपर्यंत ती मेव्हण्याची अक्कलहुशारी झाली. “मला आतून वाटलं, इथं राक्षसानं बसावं. बसलो!” पुढची सगळी वर्षं, वाढदिवस असो, लग्न असो की कुणाकडे नुसता चहा असो, मेव्हणा उभा राहून ही गोष्ट सांगायचा, शेवटी राक्षसाचं ते गडगडाटी हसू हसून दाखवायचा, आणि मग दाजींकडे बोट: “आणि हे आमचे दाजी. राक्षसाचं बूड!”

लोक हसायचे. दाजीही हसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. पण घरी येऊन बायकोला म्हणायचे, “तुझा भाऊ मेला की त्याच्या फोटोखाली लिही, बसणारा मीच होतो.” बायको म्हणायची, “आणि तुमच्या फोटोखाली काय लिहू, पोटरीत गोळा?”

तर असा हा मेव्हणा. नट होणार म्हणून लग्न पुढे ढकललं, आणि शेवटी ना नट झाला ना नवरा. या वर्षी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला, चालणं गेलं, आणि बोलणं अडकलं. बहीण त्याला आपल्या घरी घेऊन आली. खिडकीशी त्याची चाकांची खुर्ची. तिची मूळची बैठक दगडासारखी, ती दाजींनी काढून टाकली आणि दुकानातला चांगल्यातला फोम घालून नवी केली. पहिल्याच आठवड्यात मेव्हण्यानं चहा मागायला तोंड उघडलं आणि भलताच काहीतरी आवाज आला. शेजारीण आली होती, ती फिसकन हसली. त्या दिवसापासून मेव्हण्यानं तोंडाला कुलूप घातलं. हवं असलं की डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर थाप मारायची. एक थाप चला, दोन थांबा. शिकवायला नको, दाजींना ती भाषा पाठच होती.

दवाखान्यातून एक बाई यायच्या, माणसांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या. त्यांनी हर प्रकारे करून पाहिलं. मेव्हणा भिंतीकडे बघत बसायचा. एके दिवशी बाईंनी बहिणीला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, “शब्द आत आहेत हो. पण हे प्रयत्नच करत नाहीत. आत्ता नाही बोलले, तर पुढे बोलावंसं वाटलं तरी जमणार नाही.”

बाई गेल्यावर बायको ओट्याला टेकून रडली. “मला दुसरं काही नको,” ती म्हणाली. “बढाया मारू दे, तुम्हाला बूड म्हणू दे, पण बोलू दे त्याला.”

दाजी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. त्यांना त्या माणसाचा आयुष्यभर राग आला होता, आणि आता तो गप्प बसल्यापासून घर खायला उठत होतं. बूड म्हणणारंच कुणी उरलं नाही तर बुडाला तरी काय अर्थ?

त्याच सुमाराला दाजी एका जुन्या थिएटरच्या फाटक्या खुर्च्या शिवत होते. तिथं रविवारी दुपारी जुने, फसलेले, गमतीचे सिनेमे लावायचे आणि तरुण पोरं-पोरी येऊन पडद्याशी गप्पा मारायची. एका खुर्चीचं कापड ताणता ताणता दाजींची नजर भिंतीवर गेली. पोस्टरवर हिरवा राक्षस. पाठीवर सोफ्याची बटणं.

“हा लावताय?” त्यांनी मॅनेजरबाईंना विचारलं. तिशीतली, केस कातरलेली, शिडीवर चढून स्वतःच दिवे बदलणारी बाई.

“लावतोय, पण गोची झालीय काका. शेवटच्या रिळाचा आवाज गेलाय. नुसती खरखर. प्रेक्षकांनाच ओरडायला सांगणार आहे. तुम्ही पाहिलाय हा?”

“आतून,” दाजी म्हणाले.

मॅनेजरबाईंना कळेना. दाजींनी उभं राहून, कमरेत वाकून, हात पुढच्या खुर्चीवर टेकून राक्षसाचे मागचे पाय चालवून दाखवले. ती बाई शिडीवरून अशी किंचाळली की तिकीट खिडकीवरचा माणूस धावत आला. मग ती खाली उतरली आणि तिनं दाजींचे दोन्ही हात धरले. “शेवटच्या रिळाला माइक तुमच्या हातात. नाही म्हणायचं नाही.”

“माझं काम नाही ते. आवाज मेव्हण्यांचा होता.”

“मग त्यांना आणा!”

आणतो, पण ते बोलत नाहीत, असं दाजी म्हणणार होते. म्हणाले फक्त, “आणतो.”

घरी त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती डोळे पुसून कपाट उघडायलाच लागली, दादाचा चांगला शर्ट कुठंय म्हणून. “स्वतःचा आवाज ऐकेल ना तो,” ती म्हणाली. “ते हसू ऐकेल. बघा, बोलेल.” मेव्हणा मात्र दोन थापा मारून मोकळा. थांबा. नको. दाजींनी त्या ऐकल्याच नाहीत असं दाखवलं आणि खुर्ची ढकलत निघाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुढच्याचा इशारा मोडला होता, आणि रस्ताभर त्यांना धाकधूक होती.

रविवारी थिएटर भरलं होतं. मेव्हण्याची खुर्ची अगदी पुढच्या रांगेच्या कडेला, शेजारी बहीण. सिनेमा सुरू झाला आणि पोरांनी धुडगूस घातला. तलवारीची दोरी दिसली की “दोरी! दोरी!” घड्याळवाला सैनिक आला की “किती वाजले?” वेणी आखूड झाली की टाळ्या. राक्षस आला, मेव्हण्याचा आवाज घुमला, तिन्ही लोक पायाशी लोळले, ते गडगडाटी हसू आलं आणि पाठोपाठ सगळं थिएटर तसंच हसलं. बहीण भावाकडे बघत होती. मेव्हणा स्वतःच्या आवाजाकडे बघावं तसा पडद्याकडे बघत होता, ओठ घट्ट मिटून. डोळ्यांत पाणी होतं, पण ते आनंदाचं नव्हतं. जो आवाज आपला नाही राहिला, तो ऐकवायला आणलं मला, असं ते तोंड म्हणत होतं. दाजींना वाटलं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आपण.

तेवढ्यात खरखर सुरू झाली. शेवटचं रीळ. मॅनेजरबाईंनी दाजींना पडद्याच्या कडेला उभं केलं, हातात माइक दिला आणि जाहीर केलं, “आणि आता, खास आपल्यासाठी, राक्षसाचे मागचे पाय!”

काय तो जल्लोष! दाजींनी माइक दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर राक्षसानं जबडा उघडला. दाजी माइकमध्ये म्हणाले, “तिन्ही लोक माझ्या... पायाशी...” आवाज चिरका. एक पोरगी म्हणाली, “काका, मोठ्यानं!” जबडा पुढे पुढे हलत राहिला, वाक्य कधीच संपलं. दाजी गोंधळले. त्यांनी जबड्याकडे नीट पाहिलं, आणि काय सांगू, त्यांना तो ऐकूच यायला लागला. हे संवाद त्यांनी आत कधी ऐकलेच नव्हते. आत जे ऐकलं होतं ते वेगळंच होतं, आणि ते त्यांना शब्द न् शब्द आठवत होतं.

“अहो दाजी, पाय उचला!” दाजी माइकमध्ये ओरडले. पडद्यावर राक्षसाचा जबडा बरोबर तेवढाच हलला.

आणि दाजी पुढे निघाले, “टाचेवर काय पाय देता! उजवीकडे, उजवीकडे! तुमची उजवी नव्हे, माझी! दाजी, तुम्ही सकाळी काय खाल्लंत, खरं सांगा, मला इथं श्वास घेववत नाही!” शब्द आणि जबडा, जबडा आणि शब्द, इतक्या वर्षांत पहिल्यांदा जुळले. राजकन्येवर धावून जाताना राक्षस म्हणाला, “तुमच्या बायकोला सांगतो, म्हणजे माझ्या बहिणीला सांगतो, असला कसला नवरा केलास!” लोक खुर्च्यांवरून घसरले. दाजींनी नुकत्याच शिवलेल्या खुर्च्या, पण त्यांना भान नव्हतं.

त्यांचं लक्ष पुढच्या रांगेत होतं. मेव्हण्याची भुवई वर गेली होती. चोरी पकडल्यासारखा चेहरा. ओठ मात्र मिटलेलेच.

पूल आला. हिरो मागे सरकला. राक्षस गरजला. दाजींना माहीत होतं आता काय येणार. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि या सुंभाचा पीळ नेमका कुठं आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी तिथं कधी बोट लावलं नव्हतं. आता त्यांनी मेव्हण्याच्या डोळ्यांत डोळे घातले.

राक्षस बसला. जबडा आभाळाएवढा उघडला.

“अरे देवा! दाजी, बसताय काय? उठा! मी उभा आहे, तुम्ही बसताय काय! कुणी सांगितलं बसायला? पोटरीत गोळा आला म्हणून सिनेमाची वाट लावता?” दाजींनी श्वास घेतला आणि स्वतःच्या आवाजात, शांतपणे, सगळ्या थिएटरला सांगितलं, “मंडळी, बसलो तो मी. यांचा काही संबंध नाही.”

टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. आणि त्या गदारोळात पुढच्या रांगेतून एक आवाज आला. फाटका, वाकडा, घशात अडकून निघालेला.

“मी!”

बहिणीनं तोंडावर हात घेतला. मेव्हण्याचा चेहरा लालबुंद झाला होता, डावा हात दांडीवर आपटत होता. “मी! मी... ब... मी बस... लो!”

पोरांना काय झालं ते कळलं नाही, पण बहिणीकडे बघून रांगा एकेक करत गप्प झाल्या. पडद्यावर राक्षस दरीत पडत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दाजींना आयुष्यात एकदाच भर सभेत खरं बोलायला मिळालं होतं, आणि त्याचं फळ म्हणून समोरून धडधडीत खोटं आलं होतं, आणि त्या खोट्यानं त्यांना इतका आनंद झाला की ते माइक तोंडाशी धरून आधी नुसतेच हसले.

“बरोबर आहे,” ते माइकमध्ये म्हणाले. “बसले ते हेच. मी चुकलो. मी आपला नुसता मागे होतो.”

लोकांनी मेव्हण्याला उभं राहून टाळ्या दिल्या. तो मान ताठ करून त्या घेत होता, जणू काही इतके महिने तो मुद्दामच गप्प होता. पडलो तरी नाक वर! बहीण त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती का रडत होती, तिचं तिला ठाऊक.

थिएटर रिकामं झालं. दाजी खुर्चीच्या मागे आले आणि त्यांनी नेहमीसारखे दोन्ही मुठींत हँडल धरले. पुढून थाप आली. एक. चला.

दाजी हलले नाहीत.

पुन्हा थाप, जरा जोरात. दाजी छताकडे बघत उभे. बायको म्हणाली, “अहो, चला ना, तो सांगतोय.”

“मला काही ऐकू आलं नाही,” दाजी म्हणाले. “आता हे थापा मारणं बंद. तोंडानं सांगा मेव्हणे. नाही सांगितलंत तर इथंच बसू. तुम्हाला तर बसायची आवडच आहे.”

मेव्हण्यानं मान वळवून मागे पाहिलं. रागानं पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं, मग रिकाम्या पडद्याकडे. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा हलले, आणि नुसतीच हवा आली. आता इथं हसणारी शेजारीण नव्हती. मॅनेजरबाई झाडू हातात घेऊन दारात थांबल्या होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. दाजींच्या पोटरीत गोळा यायला लागला, खरोखर, तीच पोटरी. ते दात आवळून उभे राहिले. या वेळी बसायचं नव्हतं.

“च...” मेव्हणा म्हणाला. घाम आला त्याला. “च... चला. बू... बूड.”

“निघालो,” दाजी म्हणाले आणि त्यांनी खुर्ची ढकलली.